कात्री थांबल्यावर

काचेपलीकडच्या माणसानं अंगठा बटणावर दाबला आणि बाबांचं वाक्य मधेच तुटलं. त्यानं पुन्हा दाबला, पुढचंही तुटलं. मग त्यानं मध्ये थांबायची तसदीच घेतली नाही. टक टक टक, की होडी थेट पलीकडच्या काठाला. गेममधला म्हातारा नावाडी बाबांच्या आवाजात जे काही सांगायला बसला होता ते सगळं तळ्यात गेलं आणि पडद्यावरचा योद्धा तलवार उपसून धावत सुटला. काचेच्या या बाजूला, अंधार करून ठेवलेल्या खोलीत, ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. आपल्याला ते दिसतात, त्यांना आपण दिसत नाही, अशी ही काच. अर्धवट झालेला गेम बाहेरच्या लोकांना खेळायला द्यायचा आणि त्यांचे चेहरे न्याहाळत बसायचं, ही या स्टुडिओची रीत. आजचा पाहुणा कुरिअर पोचवणारा होता. हेल्मेट मांडीवर, पाय सारखा हलतोय, तोंडात काहीतरी चघळणं चालू. त्याचं तरी काय चुकलं? त्याला कुणी सांगितलं होतं की हा आवाज कुणाचा आहे? तरी तिला वाटलं, उठावं, आत जावं आणि त्याच्या अंगठ्यावर एक चापट द्यावी. ती उठली नाही. शेजारी बसलेल्या सेनापतीनं नुसता घसा खाकरला, म्हणजे त्याचं ठरलं होतं.

सेनापती हे त्याला सगळ्यांनी मिळून ठेवलेलं नाव. स्टुडिओ त्याचा, गेमही त्याच्या डोक्यातून निघालेले, आणि त्याच्या डोक्यात लढाईशिवाय दुसरं काही नाही. माणूस चांगला, अडीअडचणीला धावून येणारा, पण त्याच्या हाती पाळणा दिला तरी त्यातून बाण कसे सोडता येतील याचाच विचार करेल. आणि ती गोष्टवाली. गेममधली माणसं काय बोलतील, का बोलतील, कुणाचं कुणाशी काय जुनं देणंघेणं आहे, हे सगळं तिनं लिहायचं. दोघांचा वाद इतका जुना की ऑफिसात नवीन आलेल्यालाही पहिल्या आठवड्यात पाठ व्हायचा. तो म्हणायचा, लोक खेळायला येतात बाई, ऐकायला नाही, ऐकायचंच असेल तर घरी सासू आहे. ती म्हणायची, मारायचंच असेल तर घरी डासही आहेत. सगळे हसायचे, कॉफी संपायची, आणि गेममध्ये थोडी गोष्ट, थोडी मारामारी असं काहीतरी ठरायचं. तिला तो वाद आवडायचा. आपण बरोबर आहोत याची तिला इतकी खात्री होती की हरल्यावरही झोप छान लागायची. आज दिवा लागल्यावर सेनापती म्हणाला, "हा सहावा माणूस. सहाच्या सहा जणांनी होडीत स्किप केलंय." मग जरा हळू आवाजात, "मला माहितीये तो आवाज कुणाचा आहे. म्हणूनच इतके दिवस थांबलो. पण आता पुढच्या फेरीत एक तरी माणूस होडीत टिकला पाहिजे. नाहीतर म्हाताऱ्याला गप्प करायचं आणि काठावर तिरंदाज उभे करायचे." तिनं मान हलवली. तिरंदाज, ती मनात म्हणाली. जळो मेले तिरंदाज.

आवाज असा आला होता की ज्या नटाला बोलावलं होतं त्याचा घसा बसला, आणि तात्पुरतं काहीतरी भरायचं म्हणून तिनं बाबांना स्टुडिओत आणलं. बाबा न्हावी. चौकातल्या उताराला त्यांचं दुकान, दोन खुर्च्यांचं, आणि दुसरी खुर्ची नेहमी गोष्ट ऐकायला आलेल्यांनी अडवलेली. माईकसमोर बसून ते अजिबात बुजले नाहीत, उलट विचारलं, "गिऱ्हाईक कुठंय?" तिनं काचेकडे बोट दाखवलं. ते काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघून बोलू लागले, दुकानात आरशात बघून बोलायचे तसेच. नावाड्याची गोष्ट त्यांचीच होती, तिनं फक्त ती पाण्यावर नेली होती. दुकानात ती अशी होती: एकदा एक माणूस दाढी करायला आला, अर्धी दाढी झाली आणि रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, तसा हा गळ्यातल्या टॉवेलसकट उठून गेला. गेला तो गेलाच. वर्षं लोटली. एक दिवस त्याच खुर्चीत येऊन बसला, गळ्यात तोच टॉवेल, आणि म्हणतो, "हं, कुठवर आलो होतो आपण?" तिनं त्याचा उतारू केला, खुर्चीची होडी केली. बाकी सगळं बाबांचं. रेकॉर्डिंग झालं, बाबांना घरी सोडलं, नटाचा घसा सुटल्यावर बदलू म्हणून ते तसंच राहिलं. आणि मग ऐन दुपारी, गिऱ्हाईकाच्या मानेवर पावडर मारता मारता, बाबा खाली बसले. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं नाही, एक शब्द राहिला. मग. पाणी हवं, मग. खिडकी लावा, मग. कोण आलंय, मग. डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा असा एखादा शब्द मागे उरतो, त्याला अर्थ असतोच असं नाही, तुम्ही त्यात काही शोधू नका. न शोधायला काय जातंय डॉक्टरांचं! ती रोज शोधायची, आणि रोज संध्याकाळी चिडून म्हणायची, "मग काय, बाबा? मग काय?" आणि ते डावा हात हलवून पुन्हा तेच म्हणायचे.

सेनापतीनं बजावलं त्या दिवशी ऑफिसातून परतताना बसमध्ये तिला उभं राहायला लागलं आणि समोरच्या सीटवरच्या माणसाची मान दिसत राहिली. नीट कापलेली, कानामागे सरळ रेघ. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि खिडकीखालच्या बाकावर बसून अशा माना बघायची. कात्रीचा आवाज चालू असायचा, चक चक चक, आणि बाबांची गोष्ट त्या आवाजावर स्वार होऊन चाललेली असायची, आणि ऐन मोक्याच्या जागी कात्री थांबायची. बाबा कात्री हवेत धरून कंगव्यातले केस झटकायचे, नळ सोडायचे, बंद करायचे, घसा साफ करायचे. घाई म्हणून नाही. अर्धी कापलेली मान तशीच ताठ, आरशातून डोळे बाबांवर लागलेले, बाकावरचे दोघं वर्तमानपत्र खाली घेऊन बसलेले, आणि मग कुणाला तरी राहवायचं नाही. तो म्हणायचा, मग? की कात्री सुरू. तिला तेव्हा लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील कसे गप्प, आपापल्या कामात, आणि आपले बाबा असे, एका दाढीला तासभर लावणारे. एकदा तिनं सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "बाबा, लवकर सांगा ना काय झालं ते, मला अभ्यास आहे." बाक खो खो हसला. बाबाही हसले. म्हणाले, "बघा, आमच्या घरात वेळ फक्त हिच्याकडे नाही." पण त्या दिवशी गोष्ट त्यांनी खरंच लवकर संपवली, आणि ती अगदीच फुसकी निघाली, आणि ते कशामुळे हे तिला तेव्हा कळलं नाही. बस थांबली तेव्हा समोरचा माणूस उठला आणि त्याचा चेहरा अगदीच कुणा भलत्याचा निघाला.

घरी तिनं गेमचा डबा टीव्हीला लावला. आता यात तिचा हेतू काय होता, तिलाच नीट सांगता आलं नसतं. बाबांनी तो आवाज अजून ऐकलाच नव्हता. आजाराच्या गडबडीत ते राहून गेलं होतं. तिला वाटत होतं, ते ऐकतील. स्वतःचाच आवाज ऐकून आत कुठेतरी अडकलेला दोरा सुटेल. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई कार्डावरची चित्रं दाखवून 'कप, कप' म्हणून घ्यायच्या आणि बाबा खिडकीबाहेर बघायचे. त्यापेक्षा हे बरं. आणि खरं सांगायचं तर तिला सातवा माणूस हवा होता. एक तरी माणूस जो होडीत टिकेल. तिनं त्यांच्या डाव्या हातात कंट्रोलर दिला, अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं. बाबांची दाढी वाढली होती, पांढरी, वेडीवाकडी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाढ्या केलेला माणूस कुणाला गालाला हात लावू देत नव्हता. घरी आलेल्या न्हाव्याला त्यांनी हात झटकून परत पाठवलं होतं, आणि आईनं वस्तरा उचलला तर तिचाच हात इतका थरथरला की दोघंही रडली. होडी निघाली. म्हातारा वल्हं मारू लागला आणि बोलू लागला. एकदा काय झालं, एक उतारू आला, तळ्याच्या मध्यावर आलो आणि काठावरून कुणीतरी हाक मारली. ती टीव्हीकडे बघतच नव्हती, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. बाबा ऐकत होते. विमा विकायला आलेल्याचं ऐकून घ्यावं तसं, सभ्यपणे. मग त्यांनी अंगठा दाबला. वाक्य तुटलं. त्यांनी पुन्हा दाबला.

"बाबा, अहो, तुम्ही आहात ते!" ती जवळजवळ ओरडलीच. "तुमचाच आवाज आहे." बाबा तिच्याकडे बघून हसले, अर्ध्या तोंडानं, आणि म्हणाले, "मग." आणि टक टक टक. होडी काठाला लागली. त्यांनी गेममधल्या माणसाला खाली उतरवलं, दोन पावलं चालवलं, वळवलं आणि परत होडीत बसवलं. पुन्हा म्हातारा बोलू लागला. पुन्हा त्यांनी त्याला गप्प केलं, आणि वल्हं हातात घेतलं, आणि डाव्या अंगठ्यानं सावकाश, अगदी सावकाश, होडी वल्हवू लागले. हाताला काम मिळालं होतं. चेहरा उजळला होता. सेनापतीनं हे बघितलं असतं तर ऑफिस डोक्यावर घेतलं असतं: बघ, तुझा बाप माझ्या बाजूचा निघाला! ओल्या हातांनी आई दारात आली. "कोण बोलत होतं गं आत्ता? आवाज अगदी तुझ्या बाबांसारखा." "बाबाच आहेत, आई." आईनं भुवया आक्रसल्या. म्हणाली, "छे. हे असं घाईघाईनं कधी बोलत होते? हा कुणीतरी पाठ केलेलं म्हणतोय." आणि ती हात पुसत आत गेली. तिला काय, ती बोलून गेली. पण इकडे मुलीच्या पायाखालची जमीन सरकली.

कारण आई म्हणत होती ते खरं होतं आणि ते तिनंच केलं होतं. रेकॉर्डिंग झाल्यावर ते साफ करणं हे रोजचंच काम. तोंडाचे आवाज काढायचे, अडखळणं काढायचं, श्वास काढायचे, दोन वाक्यांमधली पोकळी काढायची. खेळणारा कंटाळता कामा नये. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, बोलणं म्हणजे डोंगर आणि गप्प राहणं म्हणजे सपाट जमीन, आणि सपाट जमीन दिसली की कापायची. बाबांच्या रेकॉर्डिंगमध्ये अर्धीअधिक सपाट जमीनच होती. तिनं कॉफी पीत पीत ती कापली होती. वर तिला बरंही वाटलं होतं, किती आटोपशीर झालं म्हणून. आणि तात्पुरतंच तर आहे म्हणून मूळ रेकॉर्डिंगवरच कात्री चालवली होती, वेगळी प्रत न ठेवता. नवशिक्यानंही करू नये अशी चूक; पण ज्याला गोष्टीची इतकी खात्री असते ना, तोच ती करतो. म्हणजे इतके दिवस ती कशासाठी भांडत होती? गोष्टीसाठी? गोष्ट तर तिनं आपल्या हातानं सोलून, बिया काढून ठेवली होती. सेनापतीचे तिरंदाज यायच्या आधीच बाबांना तिनं गप्प केलं होतं. म्हणजे गप्प बसू दिलं नव्हतं, जे त्याहून वाईट. बाकावरची ती मुलगी मोठी झाली, शिकली, आणि शेवटी तिनं बाबांकडून लवकर सांगून घेतलंच. ती खूप वेळ नळाखाली तोंड धुवत राहिली. बाहेर टीव्हीवर वल्ह्याचा आवाज येत होता, थांबून थांबून.

कानसेन हा स्टुडिओतला आवाजांचा माणूस. तसा घुम्या, हेडफोन काढला की कान उघडे पडल्यासारखा कावराबावरा होणारा. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्याच्या खोलीत गेली आणि खुर्चीही न ओढता सगळं सांगून टाकलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कात्रणं आहेत की." कसली कात्रणं? तो म्हणाला, अगं, तुम्ही लोक शांतता कापून फेकता, पण खोलीची शांतता मला लागते. दोन वाक्यं जोडताना मध्ये नुसतंच रिकामं सोडलं तर कानाला खड्डा लागतो, म्हणून तिथे त्याच खोलीतली शांतता भरावी लागते, प्रत्येक खोलीची वेगळी असते. तुझ्या बाबांची सगळी ठेवली आहे मी. आणि वर, जरा संकोचून, "फार छान गप्प बसतात ते." त्यानं हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग खुर्ची करकरली. मग श्वास, आत घेतलेला, धरून ठेवलेला. नाकातून सुटलेलं बारीकसं हसू, स्वतःशीच. घसा साफ केला. ओठ उघडल्याचा आवाज, बोलणार, बोलणार, आणि नाही. बोटांनी गुडघ्यावर काहीतरी हळूच झटकलं. कंगवा नव्हता तरी. ती भिंतीला टेकली आणि ढसाढसा रडली. कानसेन बिचारा मॉनिटरच्या तारा उगाचच सारख्या करत बसला. वाक्यांपाशी ही कात्रणं परत डकवता येतील का, असं तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, कुठलं कुठे होतं ते कुणाला माहीत? अंदाजानं लावता येईल, पण ते त्यांचं नसेल, आपलं असेल. ती म्हणाली, "मग वाक्यंच काढून टाक." एवढं एक वाक्य ठेवायचं: एकदा काय झालं. आणि त्यापुढे बाबांची शांतता, होडी काठाला लागेपर्यंत.

सेनापतीला तिनं आधी सांगितलं नाही. पुढच्या फेरीला काचेआड बसल्यावर त्याला कळलं आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे म्हाताऱ्याला तूच गप्प केलंस? मी म्हणत होतो तेच?" ती म्हणाली, "तू म्हणत होतास ते नाही. बघ आता." नव्या माणसांसोबत जुन्यांपैकीही एकदोघांना बोलावलं होतं, आणि नेमका तोच कुरिअरवाला आला. तेच हेल्मेट, तोच हलणारा पाय. लढाया त्यानं झपाट्यानं उरकल्या. सेनापतीनं दोनदा मांडीवर थाप मारली. मग तळं आलं. त्याचा अंगठा आधीच बटणावर जाऊन बसला होता. म्हातारा म्हणाला, "एकदा काय झालं," आणि थांबला. कुरिअरवाल्यानं बटण दाबलं. स्किप करायला काही नव्हतंच, त्यामुळे काही झालं नाही. पाणी कापल्याचा आवाज. बाबांनी श्वास आत घेतला. कुरिअरवाल्यानं मान जरा पुढे केली. बाबा स्वतःशीच हसले. बाबांनी घसा साफ केला. या फेरीसाठी वल्हं खेळणाऱ्याच्याच हातात दिलं होतं, त्यानं मारलं की होडी पुढे जायची, आणि हा भला माणूस वल्हं मारायचं विसरून गेला होता. होडी तळ्याच्या मध्यावर उभी राहिली. पाय हलायचा थांबला होता, चघळणं थांबलं होतं. बऱ्याच वेळानं तो पडद्यावरची नजर न काढताच मोठ्यानं म्हणाला, "बोलेल ना हा?" विचारणार कुणाला, खोलीत कुणी नव्हतं. काचेच्या या बाजूला सेनापती खुर्चीच्या कडेला सरकला. मग म्हणाला, "गोष्टवाले, बोलेल ना तो?" आणि ती जिंकली होती, तिरंदाज गेले होते, आणि तिला अजिबात आनंद झाला नाही. बोलणार नव्हता तो. हे त्या दोघांना सांगायचं तिच्या जिवावर आलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीपाशी बसले होते आणि उतरतं ऊन त्यांच्या दाढीवर आलं होतं. तिनं पर्स टाकली, खिडकीशेजारच्या बेसिनवर हात धुतले आणि वाटीत साबणाचा फेस केला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नको गं त्यांच्या नादी लागू, हात झटकतील." तिनं टॉवेल बाबांच्या गळ्यात अडकवला. त्यांनी डावा हात उचलला, आणि तिनं तो धरला नाही, अडवला नाही, नुसती ब्रश घेऊन उभी राहिली, त्यांना समोरच्या काचेत दिसेल अशी. हात हळूहळू खाली गेला. गालांवर फेस चढला. तिला दाढी करता येत नव्हती, पण इतकी वर्षं बाकावर बसून बघितलं होतं, कातडी कुठे ताणायची, कुठून खाली यायचं, ते बोटांना कसं कोण जाणे ठाऊक होतं. एक गाल झाला. खाली बाबांचा जुना चेहरा होता, तिला वाटला होता त्यापेक्षा लहान. वस्तरा पाण्यात बुडवता बुडवता ती म्हणाली, "एकदा काय झालं, बाबा, एक माणूस आला दाढी करायला. टॉवेल लावला, फेस लावला, अर्धी दाढी झाली आणि रस्त्यावरून कुणीतरी त्याला हाक मारली." आणि ती थांबली. ठरवून नव्हे, दुसऱ्या गालाची कातडी ताणायची होती. पण मग ती तशीच थांबून राहिली. वस्तरा वाटीच्या काठावर झटकला. नळ सोडला, बंद केला. खिडकीच्या काचेत बाबा, अर्धा गाल गुळगुळीत, अर्धा पांढरा, मान ताठ, आणि डोळे तिच्यावर लागलेले. डॉक्टर म्हणाले होते, त्यात काही शोधू नका. तिनं शोधलं नाही. तिनं श्वास आत घेतला आणि धरून ठेवला.

"मग?" बाबा म्हणाले.